शेपटीचा केस आणि दुधाची वही

गोठ्यातले प्रश्न : वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, पण तो प्रश्न गेल्या वर्षभरात इतक्या जणांनी विचारला की एकदा नीट सांगायलाच हवं होतं.

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझ्याकडं देवणी जातीची लहानमोठी अकरा जनावरं आहेत. चंद्री नावाची गाय सगळ्यात दुधाची. तिला गावातल्या एकाच वळूपासून लागोपाठ दोन गोऱ्हे झाले. मोठा अडीच वर्षांचा, वानेरा, म्हणजे पांढऱ्या अंगाचा, काळसर तोंडाचा. धाकटा सव्वा वर्षाचा, शेवरा, म्हणजे अंगावर काळे ठिपके असलेला. एकाला वळू ठेवायचा आणि दुसऱ्याचा बैल करायचा विचार आहे. हंडरगुळीच्या बाजारात जाणती माणसं म्हणाली, मोठा ठेवा, ठेवण चांगली आहे. मेहुणे म्हणतात, वाशिमला ती गौचिप निघाली ना, शेपटीचे चार केस पाठवले की दुधाचं जीन आहे का नाही ते कळतं. हे खरं आहे का? आणि दुधाचं जीन शोधतात तरी कसं? – एक पशुपालक, ता. उदगीर

उत्तर : दादा, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो उलगडला की गोऱ्ह्यांचं सांगणं सोपं जाईल.

हंडरगुळीच्या बाजारात जाणता माणूस काय करतो? कास बघतो, सड बघतो, पोळी, वशिंड, शेपटीचा गोंडा बघतो, कातडी चिमटीत धरतो. मग आजवर पाहिलेल्या शेकडो गाईंशी मनातल्या मनात ताडून म्हणतो, या ठेवणीची गाय दुधाला बरी निघते. डोळ्यांना दिसणारी खूण आणि चरवीतलं दूध, यांची जोडी त्यानं अनुभवानं लावलेली असते. जनुकीय साहचर्य अभ्यास म्हणतात तो हीच जोडी लावतो, पण खूण कातडीवर न शोधता डीएनएमध्ये शोधतो.

गाईच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात आणि त्यांत डीएनएच्या सुमारे २७० कोटी अक्षरांचा मजकूर असतो, एक प्रत आईकडची आणि एक बापाकडची. अक्षरं चारच. तुमच्या चंद्रीचा आणि शेजारच्या गाईचा मजकूर जवळजवळ सारखाच असणार, पण मधूनच एखाद्या जागी हिच्यात एक अक्षर तर तिच्यात दुसरं. अशा जागांना स्निप म्हणतात. चिपवर, म्हणजे डीएनए तपासायच्या छोट्या पट्टीवर, अशा हजारो जागा एका वेळी वाचल्या जातात. परदेशी गाईंसाठी जी चिप सर्वांत जास्त वापरली गेली ती ५० हजारांहून थोड्या जास्त जागा वाचते. डीएनए केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींतून काढतात, म्हणून केस कापून चालत नाही, मुळासकट उपटावा लागतो. मेहुण्यांचं तेवढं अगदी बरोबर आहे.

आता समजा हजार गाईंचे केस घेतले आणि हजारही गाईंचं वेताचं दूध वहीत मांडलेलं आहे. पहिल्या जागेवर बघायचं : ज्या गाईंना आईकडून आणि बापाकडून एकच अक्षर आलं त्यांचं सरासरी दूध किती, ज्यांना दोन्हीकडून दुसरं अक्षर आलं त्यांचं किती, आणि ज्यांना दोन वेगवेगळी आली त्यांचं किती. फरक दिसला तर त्या जागेच्या आसपास दुधाशी नातं असलेलं काहीतरी आहे असा संशय घ्यायचा. मग दुसरी जागा. मग तिसरी. असं ५० हजार वेळा.

मी ‘संशय’ म्हणते आहे, कारण दोन खड्डे या वाटेवरच आहेत.

पहिला खड्डा योगायोगाचा. विसात एकदा योगायोगानं फरक दिसू शकतो एवढीच कसोटी ठेवली, तर ५० हजार जागांत अडीच हजार जागा खोट्याच चमकतील. दुधाशी काही देणंघेणं नसलेल्या. म्हणून कसोटी फार कडक ठेवतात. योगायोगानं असा फरक दिसण्याची शक्यता दहा लाखांत एक असेल तेव्हाच त्या जागेवर विश्वास ठेवतात. आणि एवढी कडक कसोटी पार व्हायची तर गाई दहा-वीस असून भागत नाही, हजारोंनी लागतात.

दुसरा खड्डा मी स्वतः पडून पाहिलेला आहे. परभणीला शिकत असताना तीन गावांतल्या देवणी गाईंच्या दुधाच्या वह्या मी गोळा केल्या होत्या. चिप-बिप तेव्हा नव्हतं, रंगावरूनच गट पाडले : वानेरा, बालंक्या, शेवरा. शेवऱ्या गाई दिवसाला जवळजवळ लिटरभर पुढं निघाल्या. मला रात्रभर झोप आली नाही, एवढा आनंद झाला होता. सकाळी सरांना कागद दाखवले. त्यांनी एकच विचारलं, शेवऱ्या गाई कोणत्या गावच्या? बघितलं तर बहुतेक सगळ्या मांजरा नदीकाठच्या एका गावातल्या, जिथं उन्हाळ्यातही हिरवा चारा होता. बाकीची दोन गावं माळावरची. सर म्हणाले, ‘‘तू गाई मोजल्या नाहीस, चारा मोजलास.’’

डीएनएच्या अभ्यासात नेमकं हेच घडू शकतं. देवणी आणि होल्स्टीन या परदेशी जातीच्या संकरित गाई एकाच पाटीत टाकल्या, तर होल्स्टीनकडून आलेली प्रत्येक खूण दुधाची खूण वाटायला लागेल, अगदी काळ्या ठिपक्याचीसुद्धा. म्हणून चांगल्या अभ्यासात गाईंची आपसातली नाती, गाव, वेत, विण्याचा महिना, सगळं हिशेबात घेऊन मगच अक्षरांकडं बघतात.

आता तुमचं ‘दुधाचं जीन’. असं एक खरोखरच सापडलेलं आहे. २००२ साली १४व्या गुणसूत्रावरचं डीगॅट-१ नावाचं जनुक, म्हणजेच जीन, पकडलं गेलं. त्याच्या एका रूपानं होल्स्टीन गाईच्या दुधातलं फॅट ठळकपणे वाढतं, मात्र दूध थोडं कमी होतं. एका जनुकाचा एवढा मोठा परिणाम दुधात क्वचितच दिसतो, त्यामुळं जगभर त्याचं नाव झालं. पण आपल्या वशिंडाच्या गाई तपासल्या तेव्हा दिसलं की जास्त फॅटचं ते रूप आपल्याकडं जवळजवळ सगळ्याच गाईंमध्ये आहे. म्हशींमध्येही तेच. आपल्या गाई-म्हशींच्या दुधाला फॅट लागतं त्याचं हे एक कारण. पण मग तुमच्या दोन गोऱ्ह्यांत निवड करायला त्याचा उपयोग काय? अख्ख्या गावाचं आडनाव एकच असेल तर आडनावावरून घर सापडत नाही. उद्या कुणी डीगॅटची तपासणी करून देतो म्हणून पैसे मागितले, तर देऊ नका. उत्तर आधीच माहीत आहे.

परदेशातल्या बाकीच्या खुणाही जशाच्या तशा इथं चालत नाहीत, त्याचं कारण आणखी वेगळं आहे. चिप जी जागा वाचते ती बहुतेक वेळा खऱ्या कारणाची नसते, कारणाच्या शेजारची असते. समजा एका गावात पिंपळाशेजारी रेशनचं दुकान आहे. तिथं ‘पिंपळापाशी जा, धान्य मिळेल’ हा पत्ता खरा. दुसऱ्या गावातही पिंपळ आहे, पण त्याच्या शेजारी लोहाराचा भाता आहे. पिंपळ तोच, पत्ता चुकीचा. युरोपातल्या गाई आणि आपल्या गाई माणसानं वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या रानटी कळपांतून माणसाळवल्या; आपल्याकडच्या सिंधूच्या खोऱ्याच्या बाजूला. त्यांचे पिंपळ आणि दुकानं हजारो वर्षांत वेगळी मांडली गेली आहेत. देवणीचा पत्ता देवणीच्याच गावात शोधावा लागणार.

आणि डीगॅट हा अपवाद आहे, हे विसरू नका. दूध हजारो जागांच्या लहान लहान परिणामांची बेरीज असते. एकेक जागा थेंबभर देते, कसोटीतून ती पकडलीही जात नाही. ही अडचण ओळखून मूविसन, हेज आणि गोडार्ड या तिघांनी २००१ साली मांडलं की एकेक जीन पकडत बसण्याऐवजी सगळ्या जागांना थोडंथोडं वजन द्या आणि वासराच्या सगळ्या जागांची बेरीज करा. या बेरजेला जनुकीय पैदासमूल्य म्हणतात. अमेरिकेत २००९ पासून होल्स्टीनसाठी ते अधिकृतपणे निघू लागलं. आधी वळूची पारख व्हायला सहा-सात वर्षं जायची : वळू वयात येणार, त्याच्या लेकी जन्मणार, त्या विणार, त्यांचं दूध मोजणार, मग कळणार बाप कसा होता. आता वासरू जन्मताच केसावरून अंदाज येतो. पण हा अंदाज कशाच्या जोरावर? हजारो वळू आणि त्यांच्या लेकींच्या दुधाच्या, पिढ्यानपिढ्या मांडून ठेवलेल्या नोंदींच्या जोरावर. थेंबाथेंबाचं वजन ठरलं ते त्या वह्यांमधून.

आपल्याकडंही चिपा आल्या आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेनं २०२१ मध्ये देशी गाईंसाठी सुमारे साडेअकरा हजार जागा वाचणारी ‘इंडिगौ’ आणली. वाशिमला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते गाईंसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप यांचं लोकार्पण झालं. मला त्या बातमीनं खरंच बरं वाटलं. आपल्या जनावरांसाठी आपली मोजपट्टी हवी, हे आम्ही किती वर्षं म्हणत होतो. पण मोजपट्टीवर आकडे कोरायचे राहिलेत. देवणीच्या कोणत्या अक्षराला किती वजन, हे देवणीच्याच दुधाच्या नोंदी सांगतील. आणि आपल्या भागात दूध मोजून लिहून ठेवणारे देवणीचे गोठे मी तरी बोटांवर मोजू शकते.

आता तुमचे गोऱ्हे. दोघं सख्खे भाऊ आहेत, म्हणजे आई-बापाच्या गुणांवरून दोघांना सारखेच गुण द्यावे लागतील. पण सख्ख्या भावांचा वारसा सरासरी निम्माच जुळतो; चंद्रीच्या दुधाची कोणती अक्षरं कुणाच्या वाट्याला आली हे बाहेरून कळत नाही. चिप सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती नेमकी इथं. म्हणून मला तुमचा प्रश्न फार आवडला. पण देवणीपुरतं आज भरवशाचं उत्तर चिपकडून मिळणार नाही, त्यामुळं केस पाठवून मोठ्याला बैल करण्याचा निर्णय त्यावर घेऊ नका. वानेरा की शेवरा, यावरही घेऊ नका. ती खूण जातीची आहे, दुधाची नाही.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. धाकट्याला इतक्यात खच्ची केलं नसतं. मोठ्याकडून गावातल्या, घराबाहेरच्या गाई फळवून घेतल्या असत्या. त्याआधी ब्रुसेल्ला आणि क्षयाची तपासणी करून घेतली असती. नैसर्गिक फळवण करणाऱ्या वळूची ही तपासणी टाळणं म्हणजे अख्ख्या गावाच्या गाई पणाला लावणं. धाकटा तयार झाला की तसंच त्याचं. दोघांच्या लेकी विल्या की उत्तर तुमच्या गावातच मिळेल. चंद्रीच्या स्वतःच्या कालवडींवर मात्र यातला एकही सोडायचा नाही.

आणि वही. महिन्यातून एक दिवस ठरवा. सकाळ-संध्याकाळचं दूध तागडीवर किंवा ताणकाट्यावर तोलून लिहा. एका वेताला अशा दहा नोंदी झाल्या तरी वेताचं दूध चांगलं काढता येतं, रोज तोलायची गरज नाही. पण एक गोष्ट लिहायला विसरू नका, जी आपल्याकडं हमखास सुटते : वासराला किती सोडलं. देवणी गाय वासरू लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही. कुणी एक सड वासराला ठेवतं, कुणी दोन, कुणी शेवटची धार. चंद्रीच्या शेजारच्या गाईचं दूध वहीत कमी दिसत असेल आणि वासरू मात्र टुमटुमीत असेल, तर ती गाय कमी दुधाची नाही, तिचा मालक दयाळू आहे.

वहीत वर्ष दिसलं पाहिजे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात ज्या गाईनं तीन लिटर दिलं ती भरल्या सालातल्या पाच लिटरच्या गाईपेक्षा सरस असू शकते. म्हणून गाईची तुलना नेहमी त्याच वर्षी, त्याच गोठ्यात, त्याच सुमारास विलेल्या गाईंशी. एकाच परिस्थितीतल्या गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव ते तिसरा हिस्सा वारशाचा असतो. उरलेला चाऱ्याचा, पाण्याचा, हाताचा. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहा, म्हणजे ही वही उद्या कुठल्याही संशोधकाच्या कामी येईल.

प्रश्न : ताई, माझ्याकडं सतरा उस्मानाबादी शेळ्या आहेत. काही दर खेपेला जुळी देतात, काही एकच. फलटणला मेंढ्यांमध्ये जुळ्यांचं जीन घातलं असं बचत गटाच्या बैठकीत ऐकलं. ते शेळीत घालता येतं का? – एक शेळीपालक ताई, ता. तुळजापूर

उत्तर : ताई, फलटणचं काम माझ्या अगदी जिव्हाळ्याचं आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी मेंढीत जुळ्यांचं जनुक आणलं ते बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीकडून. गरोळ अगदी लहान चणीची, चिखलात चरणारी, पण दोन-तीन कोकरं देणारी. ऑस्ट्रेलियातल्या एका मेरिनो कळपातही जुळ्या-तिळ्यांचा हाच गुण होता आणि त्याचा माग १८व्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याहून जहाजानं गेलेल्या बंगाली मेंढ्यांपर्यंत लागला. २००१ साली ते जनुक ओळखलं गेलं. एका अक्षराचा बदल. मेंढीच्या बीजकोशात एका वेळी जास्त बीजं पिकतात. ते ओळखल्यावर फलटणला रक्त तपासून कोणत्या कोकरात जनुक आलं आहे हे कळू लागलं, आणि गरोळचा लहान बांधा मागं टाकून दख्खनीच्या अंगलोटात तेवढा एक गुण राखणं सोपं झालं. पुढं ‘नारी सुवर्णा’ म्हणून ती मेंढी लोकांच्या वाड्यांवर गेली.

मात्र हा एका जनुकाचा खेळ होता, म्हणून तपासणी कामी आली. तुमच्या शेळ्यांना जुळ्यांसाठी उसनं जनुक आणायची गरज नाही, जुळी देण्यात उस्मानाबादी मुळातच नावाजलेली आहे. मेंढीचं जनुक शेळीत पैदाशीनं आणताही येत नाही. तुमच्याकडं जो फरक दिसतो तो बऱ्याच जनुकांचा आणि त्याहून जास्त खाण्याचा आहे. किती करडं होणार यात वारशाचा वाटा साधारण दहा टक्केच. म्हणून एका खेपेच्या जुळ्यांवर शेळीची पारख करू नका. तीन वेतं बघा. तिन्ही वेळा जुळी आणि तिन्ही वेळा दोन्ही करडं दूध पिऊन जगली, तर ती शेळी ठेवणीतली. जुळी देऊन एक मरत असेल तर ती शेळी तुम्हाला एकाच करडाचा पैसा देते आणि कष्ट दोघांचे. बोकड दाखवायच्या दोन-तीन आठवडे आधी मूठभर मका किंवा ज्वारी जास्त घाला. जुळ्यांत फरक दिसेल आणि तो याच वर्षी दिसेल.

पण ताई, मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या बोकडांची वाटते, शेळ्यांची नाही. बकरी ईद जवळ आली की खांडातला कोणता बोकड आधी विकला जातो? जो सगळ्यात झपाट्यानं वाढला तो. मागं कोण राहतं? ज्याला गिऱ्हाईक लागलं नाही तो. आणि पुढच्या पाटी, म्हणजे तरुण शेळ्या, त्याच्याकडून भरतात. दर वर्षी आपण चांगलं बी विकून उरलेलं पेरतो. तुळजापुरापासून भूमपर्यंत मी हे गोठ्यागोठ्यात पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. गटातल्या दहा जणींनी मिळून दर वर्षी एक बोकड, जुळ्यांतला, चांगल्या शेळीचा, दोन खेपांसाठी राखायचा आणि त्याच्या किमतीचा भार वाटून घ्यायचा. दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या गटाशी अदलाबदल, म्हणजे लेकीवर बाप जाणार नाही. कुठल्याही चिपेपेक्षा या एका गोष्टीनं तुमच्या खांडाचं जास्त भलं होईल, हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

प्रश्न : २०२२ च्या लम्पीत माझ्या सहा लाल कंधारी गाईंपैकी चार आजारी पडल्या, दोघींना काहीच झालं नाही. त्यांच्या रक्तात प्रतिकारशक्ती आहे असं समजून त्यांचीच पैदास वाढवू का? – एक वाचक, ता. कंधार

उत्तर : भाऊ, दोघी वाचल्या याचा आनंद आहे, पण एवढ्यावर वारसा ठरत नाही. त्या दोघी दावणीला कुठं होत्या? भिंतीकडं, की उकिरड्याकडं? लस कुणाला आधी टोचली? लम्पी चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळं पसरतो; जिला कीटक चावलाच नाही तीही निरोगीच दिसते. आजाराचा साहचर्य अभ्यास करताना म्हणूनच एकाच गावातल्या, एकाच वेळी साथीत सापडलेल्या, आजारी पडलेल्या आणि न पडलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शेकडो गाई घ्याव्या लागतात. रक्ताचा वाटा नसेल असं मी म्हणत नाही. त्या दोघी ठेवा, पण दूध, गाभ धरणं आणि वासरं बघून ठेवा. आणि सहाही जणींचं लिहून ठेवा : ताप कधी आला, गाठी किती दिवस राहिल्या, लस कधी दिली. माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी बघायला मी दर वर्षी येते, वही घेऊन भेटा.

प्रश्न : आमच्या भागात एकजण ‘ए-२ जीन तपासलेल्या वळूची’ म्हणून देशी गाईंसाठी रेतनाची (वळूच्या वीर्याची) कांडी नेहमीपेक्षा बरीच महाग विकतो. घ्यावी का? शिवाय आमच्याकडं दोन होल्स्टीन संकरित गाई आहेत, त्यांच्यासाठी कांडी घेताना काय विचारावं? – एक दूध उत्पादक, ता. गंगाखेड

उत्तर : ए-१, ए-२ हा दुधातल्या बीटा केसीन या प्रथिनाच्या ६७व्या कडीतला फरक आहे. आपल्या देशी गाईंमध्ये ए-२ रूपच बहुतांश असतं. वरच्या डीगॅटसारखीच गोष्ट. जे बहुतेक सगळ्यांकडं आहे त्याचे जास्तीचे पैसे कशाला? त्या विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा : वळूच्या आईनं वेताला किती दूध दिलं, आणि ते कुणी मोजलं? उत्तर लेखी मिळालं नाही तर सरकारी दवाखान्यातली कांडी घ्या.

होल्स्टीनसाठी मात्र जनुकीय तपासणीचा आग्रह जरूर धरा. त्याचं कारण एका वळूची हकीकत सांगून देते. १९६२ साली अमेरिकेत जन्मलेला आर्लिंडा चीफ नावाचा वळू दुधाला इतका सरस निघाला की त्याच्या सुमारे सोळा हजार लेकी झाल्या आणि पणत्यांची संख्या वीस लाखांवर गेली. त्याच्यात एक बिघडलेलं जनुक होतं. एका बाजूनं आलं तर काही होत नाही. आई आणि बाप दोन्हीकडून आलं की गर्भ पोटातच जातो. गाय गाभडली, पुन्हा माजावर आली, एवढंच शेतकऱ्याला दिसायचं. पन्नास वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. पत्ता लागला तो चिपेमुळं, आणि कसा, ते ऐकण्यासारखं आहे. हजारो जिवंत गाई वाचल्यावर शास्त्रज्ञांना दिसलं की डीएनएच्या एका तुकड्याची दुहेरी प्रत कुणाकडंच नाही, हिशेबानं ती असायला हवी होती. पंगतीला कोण आलंय ते सगळेच बघतात, यांनी कोण आलं नाही ते बघितलं. त्या एका दोषानं जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले असा अंदाज आहे.

त्या वळूनं दुधाचा फायदा त्या नुकसानीपेक्षा कितीतरी जास्त दिला, हेही खरं. पण तपासणी हाताशी असताना तो गर्भ आपल्या गाईचा का जावा? होल्स्टीन वळूंची ब्लॅड, सीव्हीएम, सिट्रुलिनेमिया आणि फॅक्टर-११ या आनुवंशिक दोषांसाठी तपासणी करण्याचा नियम आपल्याकडच्या वीर्यकेंद्रांना आहे. तुम्ही विचारा, वळू या चारांतून मोकळा आहे का, आणि आर्लिंडा चीफच्या त्या दोषासाठीही तपासला आहे का. आणि संकरित गाय दोन-तीनदा उलटली, म्हणजे रेतन करूनही पुन्हा माजावर आली, तर दोष लगेच गाईला देऊ नका. आधी बघा की गाईचा बाप आणि या खेपेचा वळू एकाच घराण्यातले तर नाहीत. त्यासाठी गाईचा बाप माहीत हवा. कांडीवर वळूचा क्रमांक बारीक अक्षरात छापलेला असतो. रेतन झाल्यावर ती रिकामी कांडी डॉक्टरांकडून मागून घ्या आणि गोठ्यातून बाहेर पडायच्या आधी तो क्रमांक तारखेसकट वहीत उतरवा.